थेट दुसऱ्या वर्षाला

दाखल्यात एक रकाना असतो: सोडण्याचे कारण.
गुंड साहेबांनी पेन थांबवून विचारलं, "काय लिहू?"
म्हटलं, अभ्यासक्रम पूर्ण.
त्यांनी लिहिलं, पूर्ण.
शिक्का जरा तिरका बसला, शाई फुटली,
आणि अशोक चौकातली तीन वर्षं
एका घडीत मावली.

केगावच्या खिडकीवरच्या मॅडमनी
ती घडी उलगडली, सपाट केली, म्हणाल्या,
"तुमच्या तीनाचं इथे एक धरतात.
थेट दुसऱ्या वर्षाला. सही इथे."

सही केली.
बाहेर पाण्याच्या टाकीपाशी
लहान मुलीसारखं बोटांवर मोजलं.
तीनातून एक गेलं.
उरलेली दोन
कुणाच्या खात्यावर पडली?

त्यातलं एक तर निव्वळ कानशीचं.
व्हाइसमध्ये आवळलेला लोखंडाचा तुकडा,
त्याला काटकोनात आणायचं.
घासायचं, गुण्या लावायचा, खिडकीकडे धरायचा.
रंपुरे सर एक डोळा मिटून म्हणायचे,
"उजेड दिसतोय अजून. घास."
माझ्या आयुष्यात
उजेड दिसणं वाईट असायचं
ते तेवढंच एक वर्ष.

आईला सांगितलं.
ती सुपात पानं कापत होती.
"पोनी," म्हणाली, "जाऊ दे.
हजार वळल्या की कारखान्यात शंभरेक छाटात काढतात.
हात मात्र हजारावरूनच फिरलेला असतो."
मला राग आला.
माझी वर्षं छाटात टाकणारी ही कोण?
रात्री कळलं, ती माझ्याबद्दल बोलतच नव्हती.

वर्गात पोचलो तेव्हा सप्टेंबर लागला होता.
एकसष्टपर्यंत हजेरी आडनावांच्या क्रमाने,
बासष्टपासून आम्ही, जसे आलो तसे:
बोगा, कोरे, तांबोळी, आणि मी येलदी.
चौघांचं मिळून एकच आडनाव, डिप्लोमावाले.
त्यांची मैत्री वर्षभर जुनी होती,
भांडणंसुद्धा.
आम्हाला भांडायलाही कुणी ओळखीचं नव्हतं.

फळ्यावर इंटिग्रेशनची लांब मान,
आणि सर पाठमोरेच म्हणतात,
"हे तर पहिल्या वर्षाला झालंय तुमचं."
बासष्टच्या पुढचे चारही जण
तेव्हा वहीत काहीतरी शोधू लागतात.
मी तारीख दोनदा लिहिली.

मग एका गुरुवारी वर्कशॉप.
निहारिका मंठाळकरने कानस धरली होती
दात घासायला धरतात तशी.
मी बघत राहिले, राहवलं नाही.
म्हटलं, पाय फाकव थोडे.
खांद्यातून ढकल.
जाताना जोर द्यायचा,
येताना दाबायचं नाही, नुसतं मागे आणायचं.
तिने केलं. लोखंडाचा आवाज बदलला.
दुसऱ्या दिवशी तिने मला
पहिल्या वर्षाची गणिताची वही दिली.
तिसऱ्या धड्याच्या समासात, पेन्सिलीने:
"इथून पुढे मलापण नाही कळलं."
सबंध वहीत मला नीट समजलेलं
ते पहिलं वाक्य.

काल सिटीबसमध्ये डोळा लागला
आणि सवयीने अशोक चौकात उतरले.
गेटवर बंडगर मामा.
"काय राहिलं का गं आत?"
त्या दोन वर्षांबद्दल विचारावं असं वाटलं,
त्यांच्याकडे चाव्या तर सगळ्या असतात.
"काही नाही," म्हटलं. "झोपेत उतरले."
"मग चहा घे."

चहा होईस्तोवर
वर्कशॉपच्या जाळीतून आवाज येत होता,
खर्र, खर्र, दोन्ही वेळा सारखाच.
कुणीतरी नवीन होतं.
परत येतानाही दाबत होतं.